मुलांबरोबर स्मारक नाणी जमवायची आहेत, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आला आहे: मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. घरात सासू-सासरे आहेत आणि सासऱ्यांनी जपलेला जुन्या नाण्यांचा एक डबा आहे. दीर न्यू जर्सीला असतात. सगळ्यांनी मिळून स्मारक नाणी जमवावीत आणि त्यातून मुलांना इतिहास-भूगोलाची गोडी लागावी, अशी इच्छा आहे. टांकसाळीचे संच विकत घ्यावेत का, कोणत्या क्रमाने जावं, नाणी सांभाळायची कशी आणि पुढे त्यांना किंमत येते का?

ताई, संच आत्ता घेऊ नका. आधी चादर अंथरून सासऱ्यांचा डबा तिच्यावर रिकामा करा आणि मुलांना ती नाणी मनसोक्त हाताळू द्या. शाळकरी मुलांबरोबर मी बरीच वर्षं नाण्यांचं काम करतो आहे आणि त्यातून माझं मत पक्कं झालं आहे. विकत आणलेला संच दोन दिवस कौतुकाने बघितला जातो आणि मग कपाटात जातो. डब्यातून, सुट्ट्या पैशांतून, आजीच्या कनवटीच्या पिशवीतून स्वतः शोधलेलं नाणं मात्र मूल विसरत नाही, कारण ते त्याने ओळखलेलं असतं.

स्मारक नाणं म्हणजे काय, हे मुलांना एकदा नीट सांगून टाका. नाण्याच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह असतातच. दुसऱ्या बाजूला नेहमीच्या नक्षीऐवजी एखादी व्यक्ती, घटना, संस्था किंवा वास्तू असली की ते स्मारक नाणं. स्वतंत्र भारतातलं पहिलं स्मारक नाणं पंडित नेहरूंचं. २७ मे १९६४ ला ते गेले आणि त्याच वर्षी रुपया आणि पन्नास पैसे अशी त्यांच्या चेहऱ्याची दोन नाणी निघाली. त्यानंतर गांधीजींच्या जन्मशताब्दीची आली, आणि मग हा ओघ थांबलाच नाही. यात दोन जाती आहेत. एक चलनी, म्हणजे वापरासाठी भरपूर पाडलेली. एके काळी अशी नाणी भाजीवाल्याकडून सहज परत यायची, अजूनही अधूनमधून येतात. दुसरी फक्त संग्राहकांसाठी, म्हणजे पंचाहत्तर, शंभर, दीडशे रुपयांची, टांकसाळीकडे मागणी नोंदवून घ्यायची. तुम्हाला हवी आहेत ती पहिल्या जातीची. ती स्वस्त असतात, झिजलेली असतात आणि लोकांच्या हातातून गेलेली असतात.

आता मूळ मुद्दा. नाण्यांतून इतिहास शिकवायचा म्हणजे नाण्यावरच्या माणसाचा जन्म-मृत्यू पाठ करून घेणं, असा समज असतो. तेवढ्यासाठी पाठ्यपुस्तक पुरेसं आहे. स्मारक नाण्यात दोन काळ असतात. ज्याची आठवण काढली तो एक, आणि ज्या वर्षी आठवण काढली तो दुसरा. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये, त्यांचं एक रुपयाचं नाणं निघालं १९९९ मध्ये. मधली सातशे वर्षं ओलांडून सरकारला ते का आठवावेसे वाटले? त्याच वर्षी शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणंही का आलं? प्रत्येक नाण्याला हे दोन प्रश्न विचारायचे: हे कोण, आणि यांची आठवण तेव्हाच का झाली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी सापडतं असं नाही. पण तो विचारायची सवय लागली की मुलं इतिहासाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात.

याचा सर्वांत चांगला धडा तुमच्या घरातच मिळणार आहे, आणि तो सासूबाई देतील. डब्यात सत्तरच्या दशकातली नाणी असतील तर ती वेगळी काढा. १९७३ चं पन्नास पैशांचं नाणं सापडतं का बघा. त्याचा संदेश आहे धान्य अधिक पिकवा. १९७४ चं अॅल्युमिनियमचं, कडेला पाकळ्या असलेलं हलकं दहा पैशांचं नाणं असेल, त्याचा विषय आहे नियोजित कुटुंब आणि सर्वांना अन्न. १९७५ चं महिला वर्षाचं, १९७७ चं विकासासाठी बचतीचं, १९७९ चं बालवर्षाचं. ही ओळीने मांडा आणि मुलीला विचारा, यात एकही राजा नाही, पुढारी नाही, असं का? त्या वर्षांत देशाच्या डोक्यात काय चाललं होतं, ते ही नाणी सांगतात. धान्य पुरत नव्हतं, लोकसंख्या वाढत होती, भिंतीभिंतींवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता.

मग १९७३ चं नाणं सासूबाईंच्या हातात द्या आणि त्यांना फक्त एवढंच विचारा, "आई, बहात्तरच्या दुष्काळात तुमच्याकडे काय होतं?" हे नाणं महाराष्ट्रातल्या दुष्काळासाठी काढलेलं नव्हतं, हे मुलांना सांगायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या विषयांवर तेव्हा अनेक देश नाणी काढत होते, त्यातलंच हे एक. पण ज्या वर्षी ते आलं त्या वर्षी आपल्याकडे विहिरी आटलेल्या होत्या, माणसं खडी फोडायला जात होती, मुलांना सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळत होती आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे तिकडच्या ज्वारीच्या, भाकरी गिळवत नव्हत्या. सासूबाई गावाकडच्या असतील तर यातलं बरंच त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल. शहरातल्या असतील तर रेशनच्या रांगा सांगतील. रोजगार हमी योजनेची मुळं त्याच दुष्काळात आहेत, आणि पुढे २००५ मध्ये देशभरासाठी तसा कायदा झाला, हे तुम्ही जोडा. पन्नास पैशांचं एक नाणं, आजीची आठवण आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला एक धडा, असं सगळं एका संध्याकाळी जुळून येतं. हे मी अनेक घरांत होताना पाहिलं आहे. नातवंडांनी हे कधी विचारलंच नव्हतं, म्हणून आजी-आजोबांनीही कधी सांगितलं नव्हतं, असंच बहुतेक घरांत आढळतं.

एक नाणं पूर्ण कसं वाचायचं ते आता दाखवतो. १९९७ चं एक रुपयाचं नाणं घ्या. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास आलेलं, पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलचं. डब्यात नसलं तर नाणेवाल्याकडे थोडक्या पैशांत मिळतं. चांगलं भिंग आणा, खेळण्यातलं नको, दहापट मोठं दाखवणारं. आधी सिंहांची बाजू: भारत, इंडिया, सत्यमेव जयते, किंमत आकड्यात. या नाण्यावर ₹ हे चिन्ह नाही. ते २०१० मध्ये स्वीकारलं गेलं आणि नाण्यांवर २०११ पासून आलं. म्हणजे वर्ष पूर्ण झिजलं असलं तरी चिन्ह नसलेलं रुपयाचं नाणं बहुधा त्याआधीचं, हे मुलांना कळतं.

मग वर्षाच्या खाली भिंग न्या. तिथे हिरा दिसला तर नाणं मुंबईचं. पाच टोकांची चांदणी असली तर हैदराबादचं. गोल ठिपका असला तर नोएडाचं. काहीच नसलं तर कोलकात्याचं. चार टांकसाळी, चार शहरं. मुंबईची टांकसाळ १८२९ ची आहे, फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोर. नोएडाची सर्वांत नवी, १९८८ ची. हैदराबादच्या खुणा वेळोवेळी बदलल्या आहेत, म्हणून जुन्या नाण्यावर दुभागलेला हिरा किंवा ठिपकेवाला हिरा दिसला तर गोंधळू नका, तोही हैदराबादचाच. दुसरीतला मुलगा यात रमून जाईल. वाचता नीट येत नसलं तरी हिरा, चांदणी, ठिपका ओळखता येतो, आणि हे काम पूर्णपणे त्याच्याकडे सोपवा. मोठ्या बहिणीच्या हातातलं नाणं कुठून आलं हे सांगण्याचा मान त्याचा.

आता चित्राची बाजू. हा तुरुंग १८९६ ते १९०६ या काळात बांधला. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती निघालेल्या होत्या आणि एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे येतील अशी रचना होती, म्हणजे कैद्याला समोर कैदी दिसू नये. आज त्यातल्या तीन उरल्या आहेत. मुलीला कागदावर हा आराखडा काढायला सांगा. मनोऱ्यात उभा असलेला एक पहारेकरी सगळीकडे लक्ष कसं ठेवू शकतो, हे काढल्यावर आपोआप कळतं. सावरकर बंधूंना याच तुरुंगात ठेवलं होतं. नाशिकजवळच्या भगूरचे दोघे भाऊ, एकाच आवारात राहून एकमेकांना बराच काळ भेटू न शकणारे, ही गोष्ट भावंडांना सांगून बघा.

आणि मग नकाशा. अंदमान चेन्नईपासून समुद्रमार्गे सुमारे १२०० किलोमीटर, आणि आपल्या मुख्य भूमीपेक्षा म्यानमारला जवळ. पोर्ट ब्लेअर साधारण ९३ पूर्व रेखांशावर आहे, मुंबई ७३ वर. एका अंशाला चार मिनिटं. मुलीला गुणाकार करू द्या. वीस अंश म्हणजे ऐंशी मिनिटं. घड्याळं सारखीच वेळ दाखवतात, पण तिथला सूर्य साधारण तेवढा आधी उगवतो. रेखांश आणि प्रमाणवेळ हा धडा सहावीच्या मुलांना कोरडा वाटतो, तो या एका रुपयाने ओला होतो. शेवटी हेही दाखवा की नाण्यावर पोर्ट ब्लेअर लिहिलं आहे आणि २०२४ मध्ये त्या शहराचं नाव श्री विजयपुरम केलं गेलं. नकाशा बदलला, नाणं बदलत नाही.

एवढं सगळं एका नाण्यावर करायला दोन-तीन आठवडे लागतील. लागू द्या.

लोहचुंबकाचा प्रयोग लवकर करा, तो सगळ्यांना आवडतो. सेल्युलर जेलचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे, तो चिकटेल. शिवाजी महाराजांचे १९९९ चे अकरा कोनांचे दोन रुपये तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे आहेत, ते चिकटणार नाहीत. इथपर्यंत मुलं म्हणतील, लोखंड चिकटतं, बाकी नाही. मग डब्यातला नेहरूंचा १९६४ चा रुपया पुढे करा. तो चिकटतो, आणि त्यात लोखंड अजिबात नाही! तो शुद्ध निकेलचा आहे, आणि निकेललाही लोहचुंबक ओढतो. मग निकेल असूनही दोन रुपये का चिकटले नाहीत? कारण त्यात तीन चतुर्थांश तांबं आहे आणि तेवढ्या तांब्यात मिसळल्यावर निकेलचा तो गुण उरत नाही. साध्या फ्रिजवरच्या चुंबकाने हे होतं. मुलगी विचारेल की मग रुपया निकेलचा ठेवला का नाही. उत्तर सोपं आहे: धातू महागला की नाणं हलकं आणि स्वस्त करावं लागतं. महागाईचा हा धडा तराजूवरही दिसतो, नेहरूंचा रुपया दहा ग्रॅमचा, जेलचा रुपया त्याच्या निम्म्याहूनही कमी.

क्रमाबद्दल विचारलं आहे. वर्षांच्या क्रमाने जाऊ नका, कंटाळा येईल. एक धागा पकडा आणि तो नकाशावर ओढा. भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लावा, राज्यांचा एक आणि नद्या-डोंगरांचा एक, असे दोन असले तर उत्तम.

पहिला धागा घराजवळचा. ज्ञानेश्वरांचा रुपया १९९९ चा, तुकारामांचा २००२ चा. दोन्ही एक रुपयाचे, दोन्ही स्टीलचे. आळंदी आणि देहू दोन्ही इंद्रायणीच्या काठी. इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते, म्हणजे ही दोन नाणी ठेवून पाण्यासोबत गेलं तरी माणूस पंढरपूरला पोचतो. वारीचा रस्ता वेगळा आणि नदीचा वेगळा, दोन्ही नकाशावर दोन रंगांनी काढा. ज्ञानेश्वरी मात्र आळंदीला सांगितली गेली नाही, ती नेवाशाला, प्रवरेच्या काठी. तिथे तिसरी टाचणी.

त्याच पाण्याने पुढे जाता येतं. २००६ मध्ये महात्मा बसवेश्वरांचं पाच रुपयांचं नाणं आलं. त्यांचा संबंध आपल्या मंगळवेढ्याशी आहे, आणि त्यांची समाधी कूडलसंगमला, जिथे मलप्रभा कृष्णेला मिळते. कृष्णा निघते महाबळेश्वरला. भीमाही शेवटी कृष्णेलाच जाऊन मिळते. वारकरी संतांची नाणी आणि बसवण्णांचं नाणं एकाच खोऱ्यात येतात, हे पुस्तकातल्या दोन वेगवेगळ्या धड्यांतून लक्षात येत नाही, टाचण्या लावल्यावर एका क्षणात येतं.

दुसरा धागा मला फार प्रिय आहे, तंजावरचा. १९९५ मध्ये तिथे आठवी जागतिक तमिळ परिषद भरली, त्या निमित्ताने प्राचीन तमिळ कवी संत तिरुवल्लुवरांची एक, दोन आणि पाच रुपयांची नाणी निघाली. पंधरा वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच शहरातल्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून पाच रुपयांचं नाणं आलं. सोबत एक हजार रुपयांचं चांदीचं नाणंही निघालं, ते आपल्या वाटेचं नाही. राजराज चोळाने कावेरीच्या सुपीक खोऱ्यात बांधलेलं हे मंदिर. इथपर्यंत हा तमिळ इतिहास झाला. पण शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतलं आणि तिथे भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास याच बृहदीश्वराच्या भिंतींवर मराठीत कोरून घेतला. चोळांच्या दगडावर मराठी अक्षरं! मुलांनी शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं हातात घेतलेलं असतं, मग मंदिराचं पाच रुपयांचं. या दोन नाण्यांमध्ये दोरा बांधायचा तर तो रायगडापासून तंजावरपर्यंत जातो. सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मराठी हस्तलिखितं आणि मोडीतली कागदपत्रं आहेत. कधी दक्षिणेची सहल ठरली तर तंजावर वगळू नका.

तिसरा धागा परदेशी जाणारा. लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं नाणं २००७ चं, दीडशेव्या जयंतीचं. रत्नागिरी, पुणे, आणि १९०८ ते १९१४ मंडाले. मंडाले नकाशावर शोधताना मुलांना कळतं की ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. दादाभाई नौरोजींचं पाच रुपयांचं २००३ चं. ते १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेत निवडून गेले. बाबासाहेबांचा १९९० चा रुपया घेतला तर महू, सातारा, मुंबई, न्यूयॉर्क, लंडन, महाड, नागपूर अशा सात टाचण्या एका नाण्याला लागतात, आणि प्रत्येक टाचणीची गोष्ट वेगळी आहे. रेल्वेला दीडशे वर्षं झाली त्याचे दोन रुपये २००३ चे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. हा प्रवास तर मुलांना घेऊन एका सकाळी होतो.

असं करता करता मुलगी एक दिवस विचारेल, किंवा तुम्हीच विचारा: नाण्यांवर बायका इतक्या कमी का? इंदिरा गांधी आहेत, १९८५. केरळच्या ख्रिस्ती संत अल्फोन्सा २००९, मदर तेरेसा २०१०, ईशान्येतल्या स्वातंत्र्यसैनिक राणी गाइदिन्ल्यू, गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी. २०२५ मध्ये अहिल्यादेवी होळकरांच्या तीनशेव्या जयंतीचं तीनशे रुपयांचं नाणं निघालं, पण ते संग्राहकांसाठी. पुरुषांच्या मानाने ही यादी तोकडीच आहे. नाणं सरकार काढतं, म्हणजे कुणाची आठवण ठेवायची हे कुणीतरी ठरवतं, आणि सहावीच्या मुलीला हे कळण्याचं वय झालेलं असतं. तिला स्वतःचं नाणं काढू द्या. कुणाचं, किती रुपयांचं, कोणत्या वर्षी, मागे काय चित्र, आणि का. गोल पुठ्ठ्यावर पेन्सिलने. माझ्याकडे येणाऱ्या मुलांनी काढलेली असली नाणी मी जपून ठेवली आहेत. त्यात डबेवाले आहेत, गावातली पहिली डॉक्टर आहे, आटलेली नदी आहे.

घरचा एक नियम मात्र करा, आणि तो मोठ्यांनाही लावा. नाणं वहीत जाण्याआधी आणणाऱ्याने त्याच्याबद्दल घरच्यांना पाच वाक्यं सांगायची. कुठे सापडलं, कोणत्या टांकसाळीचं, कशाचं, नकाशावर कुठे, आणि अजून काय माहीत करून घ्यायचं आहे. पाचवं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. मुलगा तीनच वाक्यं बोलला तरी चालेल. वही साधी दोनशे पानी घ्या. प्रत्येक नाण्याला एक पान, त्यावर नाण्याचा पेन्सिलने घासून उमटवलेला ठसा (पातळ कागद वर ठेवून शिसं आडवं धरून हलक्या हाताने), आणि खाली लिहिलेली गोष्ट. आजी-आजोबांची आठवण असेल तर ती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका.

किंमतीबद्दल स्पष्ट सांगतो. चलनी स्मारक नाणी लाखांनी पाडलेली असतात. त्यातली बहुतेक दर्शनी किमतीपेक्षा थोडी जास्त मिळतात, एवढंच. काही वर्षांची, काही टांकसाळींची दुर्मीळ असतात आणि त्यांना चांगला भाव येतो, पण ती ओळखायला बराच अभ्यास लागतो. वैष्णोदेवीचं नाणं लाखो रुपयांना विकलं जातं, अमुक रुपया द्या आणि गाडी घ्या, असे निरोप मोबाइलवर फिरतात. ते साफ खोटे आहेत. त्यात पुढची पायरी असते आधी 'नोंदणी शुल्क' भरण्याची, आणि तिथेच माणूस बुडतो. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हे चालतं, म्हणून बँकेने २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलं की आपण असल्या व्यवहारात नाही आणि कसलंही शुल्क मागत नाही. सासरे हे निरोप वाचत असतील तर त्यांना आवर्जून सांगा. मुलांना गुंतवणूक म्हणून हा छंद शिकवू नका. तसा शिकवला तर पहिल्या वर्षीच त्यांचा विरस होईल.

दहा रुपयांच्या नाण्यांबद्दलही एक सांगायला हवं. ही नाणी खोटी आहेत म्हणून काही ठिकाणी दुकानदार घेत नाहीत. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की तोपर्यंत चौदा वेगवेगळ्या नक्षींची दहाची नाणी निघाली होती आणि ती सगळी चालतात. त्यात होमी भाभा आहेत, बाबासाहेब आहेत, योगदिन आहे. लोक घ्यायला कचरतात तेव्हा तीच नाणी आपल्याकडे येतात. चौदा शोधा, हा मुलांना उत्तम उद्योग आहे. त्यानंतर २०२२ ची स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची एक ते वीस रुपयांपर्यंतची पाच नाणी. ती तर रोजच्या सुट्ट्यांत सापडतात, आणि विसाचं नाणं बारा कडांचं असल्यामुळे मुलांना लगेच ओळखू येतं.

टांकसाळीचा संच घ्यायचाच तर वर्षातून एक, वाढदिवसाला, आणि विषय मुलांनी निवडलेला. प्रूफ संचातली नाणी आरशासारखी चकचकीत असतात, त्यांना बोट लावायचं नाही. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं पंचाहत्तर रुपयांचं नाणं आलं, ४४ मिलिमीटरचं, ३५ ग्रॅमचं, अर्धी चांदी आणि बाकी तांबं, निकेल, जस्त. ते देखणं आहे, पण दुसरीतल्या मुलाच्या हातात ते देता येणार नाही, आणि हातात न देता येणारं नाणं या वयात फारसं कामाचं नाही. जुनी चलनी नाणी मात्र पुण्याच्या जुन्या बाजारात, नाण्यांच्या प्रदर्शनांत टोपलीतून वेचता येतात. मुलांना ठरावीक पैसे द्या आणि घासाघीस त्यांनाच करू द्या.

सांभाळण्याचं थोडक्यात. नाणी घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यातलं काहीही नको. काळपट थर गेला की नाण्याचा मूळ पृष्ठभागही जातो आणि तो परत येत नाही. माती असेल तर साध्या पाण्यात ठेवून मऊ सुती कापडावर टिपा. कडेला धरा, चपट्या बाजूला बोटं नकोत. वास येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या वह्या घेऊ नका, त्यातलं रसायन पावसाळ्यात नाण्यावर हिरवट चिकटपणा आणतं. पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी मिळतात, मध्ये पारदर्शक खिडकी असते, त्या उत्तम. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर त्या अधूनमधून बदला. लहानग्याच्या तोंडात नाणं जाणार नाही याकडे लक्ष हवं.

दिरांना नक्की सामील करून घ्या. अमेरिकेने १९९९ ते २००८ या दहा वर्षांत पन्नास राज्यांची पाव डॉलरची नाणी काढली, वर्षाला पाच, आणि राज्यं ज्या क्रमाने संघराज्यात आली त्याच क्रमाने. म्हणजे नाण्यांचा क्रम हाच त्या देशाच्या वाढीचा इतिहास. पहिलं डेलावेअर, तिसरं न्यू जर्सी. न्यू जर्सीच्या नाण्यावर वॉशिंग्टन सैनिकांसह डेलावेअर नदी ओलांडताना दाखवला आहे, आणि ती नदी काकांच्या राज्याची सीमा आहे. ही नाणी तिथे अजून सुट्ट्यांत मिळतात. काकांनी व्हिडिओ कॉलवर एक नाणं दाखवावं आणि मुलांनी राज्य ओळखावं, मुलांनी एक दाखवावं आणि तिकडच्या चुलत भावंडांनी ओळखावं. तिकडच्या मुलांना मराठी वाचायला लावायची ही चांगली संधी आहे, कारण आपल्या नाण्यावर देवनागरी असतेच.

बघायला जायचं तर मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन अर्धा दिवस सहज जातो. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. सातवाहनांपासूनची नाणी तिथे एका क्रमाने बघता येतात. पण हे सहा महिन्यांनी करा. आधी घरच्या वहीत पंधरा-वीस पानं भरू द्या, म्हणजे काचेपलीकडची नाणी बघताना मुलांकडे स्वतःचे प्रश्न असतील.

या रविवारी एवढंच करा: डबा उघडा, सगळी नाणी छापा वर करून मांडा, प्रत्येकाने एकच नाणं निवडावं, आणि सासऱ्यांनी आपलं नाणं सर्वांत शेवटी निवडावं. त्यांनी कोणतं घेतलं आणि का, ते मला कळवा. त्यावरून पुढचा धागा कोणता घ्यायचा हे सांगेन.